बास्केटबॉलमध्ये काय ठेवलंय? गार्ड शिरीन लिमयेची गोष्ट



मागच्या आठवड्यात आपला पॉडकास्ट ऐकणाऱ्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. आपल्या परभणीचीच आहे, अकरावीला आहे, गार्ड म्हणून खेळते. म्हणाली, "दादा, पप्पा म्हणायलेत, नीटचं बघ, बास्केटबॉलमध्ये काय ठेवलंय? त्यांना काय सांगू?" आजचा एपिसोड तिच्यासाठी, आणि तिच्या पप्पांसाठीसुद्धा.

आधी गार्ड म्हणजे काय ते बघू. बॉल हातात आला की 8 सेकंदांत अर्धं मैदान पार करायचं आणि 24 सेकंदांच्या आत बास्केटवर शॉट मारायचा. बॉल घेऊन पुढे जाणारी, कुणाला पास द्यायचा, स्वतः कधी मारायचा हे ठरवणारी, ती गार्ड. टीममध्ये सहसा सगळ्यात बुटकी हीच असते. म्हणजे उंची कमी म्हणून खेळ सोडायचं कारण नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातली गार्ड बघा. शिरीन लिमये, पुण्याची. 2017 मध्ये बेंगळुरूला महिला आशिया कपची डिव्हिजन बी स्पर्धा झाली. फायनलमध्ये भारतानं कझाकस्तानला 75-73 असं हरवलं. फक्त दोन पॉइंट! शिरीन त्या टीममध्ये होती. 2021 मध्ये जॉर्डनला अम्मानमध्ये आशिया कप झाला, तेव्हा ती कॅप्टन होती. तिथं जपाननं आपल्याला 136-46 असं हरवलं. हो, बरोबर ऐकलंत, 90 पॉइंटचा फरक. तरी ती खेळत राहिली. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतीय मुली क्वार्टर फायनलपर्यंत गेल्या, तेव्हाही ती टीममध्ये होती.

मग 90 पॉइंटचा फरक येतो कुठून? उंचीतून? त्याच 2021 मध्ये जपानच्या महिलांनी टोकियो ऑलिम्पिकला सिल्व्हर जिंकलं. त्यांची गार्ड रुई माचिदा, उंची 162 सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम 5 फूट 4 इंच. तिनं सेमीफायनलला फ्रान्सविरुद्ध 18 असिस्ट दिले, ऑलिम्पिकचा रेकॉर्ड! आणि ती कुठल्या टीमकडून खेळायची? फुजित्सू. कंप्युटरवाली कंपनी, तीच. जपानमध्ये महिलांची लीग अशा कंपन्यांच्या टीमवर उभी आहे आणि सीझन कित्येक महिने चालतो.

आपल्याकडेही नोकरी आणि खेळ हे जोडीनंच चालतं. रेल्वेसारख्या ठिकाणी खेळाडू भरतीतून नोकरी मिळते, महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण महिलांची नियमित चालणारी मोठी लीग नाही. नॅशनल म्हणजे काही दिवसांचा खेळ, की झालं. आणि याचा सगळ्यात जास्त फटका गार्डलाच बसतो. शॉट एकटीनं घोटवता येतो. पण समोरची अंगावर आली, घड्याळात 5 सेकंद उरलेत, आता पास कुणाला? हे मॅच खेळूनच कळतं. मी कोड लिहितो ना, तसंच आहे. ट्यूटोरियल कितीही बघा, खरा प्रोजेक्ट अंगावर आल्याशिवाय समजत नाही.

तर ताई, पप्पांना खोटं सांगू नको. या खेळात आपल्याकडे मुलींना क्रिकेटसारखा पैसा नाही. त्यामुळे अभ्यास सोडू नको. पण खेळही लगेच सोडू नको. पप्पांकडे दोन वर्षं माग. जिल्हा, विभाग, राज्य, मिळेल तिथं मॅच खेळ. संध्याकाळी मुलांच्या टीमसोबत खेळायला मिळालं तर तेही खेळ. सर्टिफिकेट नीट जपून फाईलला लाव, पुढे भरतीत तेच बघतात. बारावीनंतर पप्पांसोबत बसून हिशोब कर: किती मॅच झाल्या, निवड कुठपर्यंत गेली. मग दोघं मिळून ठरवा.

आणि काका, तुम्ही ऐकत असाल तर एक विनंती. तिची एक मॅच बघायला जा. बॉल तिच्या हातात असताना बाकीच्या चौघी तिच्याकडे कशा बघतात, तेवढं बघा.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण उगाच म्हणत नाही ना! तुमच्याकडे मुलींची टीम खेळत असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू पुढच्या भागात.