प्रिंटर सापडत नाही तेव्हा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. परंतु कार्यकारिणीचा आग्रह पडला, म्हणून मंडळाच्या कचेरीत यंदा घडलेली एक हकीगत सांगते.

शिवणवर्गाच्या ११ मुलींचे परीक्षेचे अर्ज छापून त्याच दिवशी द्यावयाचे होते. लॅपटॉप उघडला, तर त्याला प्रिंटर सापडेना! प्रिंटर शेजारच्याच टेबलावर, दिवा लागलेला. एका कारागिराने फोनवरूनच 'नवा घ्या' असा निकाल दिला. नवा घ्यावयाचा, तर मुलींच्या मदतनिधीतच हात घालावा लागला असता.

अखेर आम्ही तिघीजणी पदर खोचून बसलो. विचार करता ध्यानात आले, की घरी-कचेरीत बिनतारी प्रिंटर आणि लॅपटॉप यांची गाठ बहुधा राउटरच घालून देतो. त्यासाठी दोघेही एकाच वाय-फायवर असावे लागतात. आमच्याकडे आदल्याच आठवड्यात राउटर बदलला होता. लॅपटॉपला नवे नाव व पासवर्ड दिला. प्रिंटर बिचारा जुन्याचीच वाट पाहत बसला. बिऱ्हाड बदलावे आणि माहेरी पत्ता कळवावयाचा राहावा, तशातली गत!

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये गेलो, तो राउटरच्या दोन नावांपैकी एकच दिसे. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतो. पुष्कळ लहान प्रिंटरांना पहिलीच समजते. ती निवडून पासवर्ड घातला. तरीही कागद हलेना, कारण लॅपटॉपपाशी प्रिंटरचा जुनाच पत्ता होता. ती नोंद पुसली, रांगेत अडकलेली कामे रद्द केली, प्रिंटर नव्याने जोडला, आणि पहिला अर्ज बाहेर आला! अकराही अर्ज वेळेत पोहोचले.

आपल्या घरी असे झाले, तर क्रम ध्यानात ठेवा. आधी राउटर, मग प्रिंटर, मग लॅपटॉप बंद करून चालू करा. दोघांवर वाय-फायचे एकच नाव आहे ना, ते पाहा. पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय असेल, तर त्यावरून घरचा प्रिंटर सहसा दिसत नाही. शेवटी जुनी नोंद काढून प्रिंटर पुन्हा जोडा. काम अगदीच निकडीचे असेल आणि प्रिंटरला केबलची सोय असेल, तर तिने जोडून वेळ निभावून न्या. आणि राउटर बदलला, की प्रिंटरलाही तेव्हाच कळवा!

भगिनींनो, शिवणयंत्राचा दोरा तुटला, तर आपण कोणाची वाट पाहत नाही. मग येथेच 'मुलगा संध्याकाळी येऊन बघेल' असे का म्हणावे? त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबलो असतो, तर ११ मुलींचे वर्ष गेले असते.