हुकुमावांचून चालणारें राज्य

कुर्डुवाडी जंक्शनांत सिग्नल पडल्यावांचून गाडी हलत नाहीं. भोंवतालच्या माळावरील वाळवीच्या वारुळांत मात्र राजा, राणी, सैनिक, कामकरी अशी उतरंड असूनही हुकूम सोडणारें कोणीच नाहीं. ‘राणी’ हें नांव आपण दिलेलें. ती बिचारी अंडीं घालते, इतकेंच! मग या असंख्य जीवांना हवा कोण पुरवितो? बंगळुराकडील वारुळांविषयीं २०१५ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन सांगतें, कीं दिवसा बाहेरचे पातळ कंगोरे आधीं तापतात. त्यांतील हवा वर चढून मधल्या पोकळींतून खालीं उतरते. रात्रीं प्रवाह उलटतो आणि सांचलेला कर्बद्विप्राणिल वायु बाहेर जातो. डागडुजीही तशीच. एकानें ठेवलेला ओला मातीचा गोळा हीच दुसऱ्यास सूचना, असें ग्रासे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९५९ सालीं मांडलें. गोळ्यावर गोळा चढतो आणि भगदाड बुजतें.