परके सूर आणि आपला कान

देशोदेशीच्या संगीताची ओळख करून देणारा कार्यक्रम रेडिओवर लागला, म्हणजे आमच्या राळेगावकडचा माणूस काय करतो? "काही समजत नाही जी," म्हणतो आणि बटण फिरवतो. उत्तर प्रामाणिक आहे. पण ते शेवटचे उत्तर मानू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आकाशवाणीची सुरुवातीची धून आपण सारे ओळखतो. मागे तंबोऱ्याचा झंकार, त्यावर व्हायोलिनचे सूर आणि शिवरंजनीची छाया. पहाटे ही धून कानी पडली की घर जागे होते. हिच्याइतके आपले दुसरे काय असणार? परंतु ती बांधल्याचे श्रेय सामान्यतः दिले जाते वॉल्टर कॉफमन या युरोपियन संगीतकाराला. १९०७ साली त्याचा जन्म झाला कार्ल्सबाद येथे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात. तो ज्यू होता. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ साली कॉफमन मुंबईस पोचला. पुढे मुंबई केंद्रावर त्याने पाश्चात्य संगीताचे काम पाहिले आणि १९४६ पर्यंत तो या देशात राहिला.

या गृहस्थाला आपले संगीत पहिल्या झटक्यात आवडले असेल, असे समजू नका. भारतीय गाण्याच्या तबकड्या त्याला प्रथम अगदी परक्या वाटल्या. पण त्याने विचार केला तो असा : हे संगीत लाखो माणसांना प्रिय आहे; तेव्हा उणीव असेल तर ती माझ्या कानात. मग त्याने त्याच तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकल्या. विद्वत्ता नंतर आली. आधी आला तो हा विनय. उत्तर हिंदुस्थानातील रागांवरचा त्याचा ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्याही आधी, १९६० आणि १९६१ साली, त्याने बस्तरच्या माडिया-मुरिया गोंडांची गाणी आणि वाद्ये यांवर लेख लिहिले होते.

आता गंमत पाहा. पेटीशिवाय आमचे भजन उभे राहत नाही. ही पेटी, म्हणजे हार्मोनियम. तिचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. बसून एका हाताने भाता मारावयाचे रूप तिला आपल्याकडे मिळाले आणि ती देवळात शिरली. १९४० साली मात्र नभोवाणीने तिला दाराबाहेर काढले. कारण, तिचे सूर ठरलेले. मींड आणि श्रुती तिला साधत नाहीत. ही बंदी तीसएक वर्षे टिकली. पण भजनी मंडळांनी पेटी काही सोडली नाही. तात्पर्य, देशी काय आणि परदेशी काय, याचा निकाल फर्मानाने लागत नसतो. तो वापराने आणि प्रेमाने लागतो.

पण परके संगीत नेहमी समुद्रापलीकडेच असते काय? राळेगावचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. गोंड, कोलाम, परधान हे आमचे शेजारी. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. किंगरीवर गज फिरवीत ते गोंडांच्या कुळांच्या, देवांच्या आणि वीरांच्या कथा गातात. ही गाणी म्हणजे त्या समाजाची तोंडी बखरच. ऐकणारा यजमान उरला नाही, तर पोथीतली पाने गळावीत तशी एकेक कथा गळून जाते. आणि आम्ही शिकलेली मंडळी त्या गाण्यालाही तेच म्हणतो, "काही समजत नाही."

इराणचा कमांचा, चीनचा अर्हू, राजस्थानचा रावणहत्था, युरोपचे व्हायोलिन आणि आमच्या परधानाची किंगरी, ही सारी गजाने वाजवावयाची वाद्ये. जगाच्या संगीतावरील कार्यक्रमात या सर्वांना एका पंगतीत बसवता येईल. किंगरीला त्या पंगतीत बसवावयाचे ते दयेपोटी नव्हे. तिचा तो हक्कच आहे. असे झाले, तर इराण राळेगावला जवळचे वाटेल. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, परधानाच्या मुलाला आपल्या घरातले वाद्य अडगळ वाटणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की अनोळखी सूर लागले की लगेच बटण फिरवू नका. पहिल्यांदा तो नुसता आवाज वाटेल. दुसऱ्यांदा ताल सापडेल. ठेका धरण्याची सवय आपल्याला भजनाने लावलेलीच आहे. तिसऱ्यांदा कदाचित त्या गाण्यामागचा माणूस दिसू लागेल. आणि पुढल्या बाजाराला कुणी किंगरी घेऊन बसलेला दिसला, तर दोन पैसे टाकून पुढे जाऊ नका. जरा थांबा. "बाबा, हे कोणाचे गाणे?" एवढे विचारा. उत्तर ऐकण्याइतका वेळ मात्र जवळ ठेवा.