गोळीचे वजन आणि कायद्याचे माप

1 नोव्हेंबर 2000 रोजी रायपूर राजधानी झाले. मुंबई-हावडा लोहमार्गावरील या शहरात शिक्षणसंस्था वाढल्या, तरुणांच्या हाती पैसा आला. अशा प्रत्येक शहराने एमडीएमए, म्हणजेच ‘एक्स्टसी’च्या गोळीचा विचार करायला हवा. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा विलक्षण बाजार आहे : मालात काय आहे, हे ग्राहकाला कळत नाही आणि बहुधा विक्रेत्यालाही नाही!

हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिन मोठ्या प्रमाणावर मुक्त करते. उल्हास वाटतो, पण शरीराचे तापमान वाढते. गर्दीत तासन्‌तास नाचताना ते आवाक्याबाहेर गेल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. उलट, भरमसाट पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून मृत्यूही ओढवतो.

गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 नुसार एमडीएमएचे अल्प प्रमाण 0.5 ग्रॅम, तर व्यापारी प्रमाण 10 ग्रॅम आहे. अल्प प्रमाण जवळ बाळगल्यास 1 वर्षापर्यंत, त्याहून अधिक असल्यास 10 वर्षांपर्यंत आणि व्यापारी प्रमाणास किमान 10 वर्षे सश्रम कारावास होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या हीरा सिंग निकालानुसार केवळ मूळ द्रव्याचे नव्हे, तर भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते. म्हणजे 0.3 ग्रॅमच्या दोन गोळ्यांनी पहिली मर्यादा ओलांडली जाते. मग त्यात खडूची भुकटी का जास्त असेना.

कलम 64-क स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देते. मात्र ती व्यसनाधीन व्यक्तीला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यापुरतीच आहे. मित्रांसाठी दोन गोळ्या खिशात ठेवणारा हौशी तरुण तिच्या कक्षेत येत नाही.