हुंगण्याची नशा : केवळ बंदी पुरेशी नाही



व्यसनमुक्तीची चर्चा निघाली की दारू, गांजा, हेरॉइन यांचीच नावे पुढे येतात. रेल्वे स्थानकाच्या कडेला फडक्यावर पंक्चरचे सोल्यूशन ओतून हुंगणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा या चर्चेत कोठेच नसतो. वास्तविक केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, मुलांमधील प्रमाण प्रौढांहून अधिक असलेली ही एकमेव नशा होय : प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के. सुमारे ४.६ लाख मुलांना उपचारांची गरज असल्याचा अंदाज या पाहणीत दिलेला आहे.

या द्रव्यांतील टोल्यूइन फुप्फुसांवाटे काही क्षणांतच मेंदूत पोहोचते. दीर्घ सवयीने स्मृती जाते, तोल ढासळतो. एखाद्याच्या बाबतीत पहिल्याच वेळी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवतो. म्हणूनच नशेतील मुलाला दरडावणे किंवा त्याचा पाठलाग करणे अत्यंत धोक्याचे आहे. भीती आणि धावपळ यांनीच हृदय बंद पडू शकते. त्याला मोकळ्या हवेत शांतपणे बसवावे. शुद्ध हरपल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

२०१२ साली केंद्र सरकारने बाटलीतील व्हाइटनर व थिनर यांच्या विक्रीस मनाई केली, हे योग्यच झाले. परंतु मागणी कायम राहिली की ग्राहक पर्यायी वस्तूकडे वळतो, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. सोल्यूशन, रंगाचे थिनर आणि पेट्रोल या तर रोजच्या धंद्याच्या वस्तू. त्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही. ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्यांत २००५ पासून हुंगून नशा न चढणारे पेट्रोल पुरवण्यात आले आणि तेथील हुंगण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. उत्पादकावर जबाबदारी टाकता येते, हा त्याचा धडा.

तथापि मागणीचे मूळ भुकेत, उघड्यावरच्या रात्रीत आणि खाव्या लागणाऱ्या मारात आहे. पोटभर जेवणाहून स्वस्तात मिळणारा तो विसर आहे. तेव्हा मुलाला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. कार्यकर्त्यांनी वस्तीतील दुकानदारांना मुलांच्या हाती ही द्रव्ये न देण्याविषयी समजवावे, १०९८ या क्रमांकाची माहिती घरोघरी पोहोचवावी आणि नगरपालिकेकडे मुलांसाठी रात्रनिवारा, जेवण व शाळा यांची मागणी लावून धरावी. मुलाच्या हातातील फडके हिसकावून घेणे सोपे आहे. त्या हाताला दुसरे काही देणे हेच खरे प्रतिबंधाचे काम होय.