दोन तारांमधला फरक

पिरंगुट, उरवडे, घोटावडे भागातल्या कारखान्यांत काम करणारे बरेच जण आज समोर बसले आहेत. सीएनसी यंत्राच्या सर्व्हो मोटरला मागून एन्कोडरची केबल जोडलेली असते. ती सोलली तर प्रत्येक सिग्नलच्या दोन तारा निघतात: ए आणि ए-बार, बी आणि बी-बार. एका सिग्नलला दोन तारा कशाला?

एन्कोडर एका फेऱ्यात 2500 पल्स देतो आणि मोटर मिनिटाला 3000 फेरे घेते, असं धरू. सेकंदाला सव्वा लाख पल्स झाले. ए आणि बी यांची प्रत्येक चढउतार मोजली, तर एका फेऱ्याचे 10,000 भाग पडतात. स्क्रू एका फेऱ्यात 10 मिलिमीटर सरकत असेल, तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. शेजारूनच मोटरची पॉवर केबल गेलेली, पलीकडे वेल्डिंग चालू. या गदारोळात खोटा पल्स मोजला गेला की जॉब रिजेक्ट.

तो मोजला जाऊ नये म्हणून डिफरन्शिअल रिसीव्हर ही चिप असते. 26एलएस32 हे त्यातलं जुनं, भरवशाचं नाव. एका चिपमध्ये चार रिसीव्हर. कुठल्या तारेवर किती व्होल्ट आहेत याच्याशी तिला कर्तव्य नाही, ती दोन तारांमधला फरक बघते. फरक +200 मिलिव्होल्टच्या वर गेला की एक, -200 च्या खाली गेला की शून्य. बाहेरचा नॉईज दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. इतकी देखणी युक्ती विद्युतशास्त्रात मला क्वचितच दिसते.

मात्र नॉईज सारखा चढायचा तर तारांना पीळ हवा. पिळाच्या जोडीचं पेटंट ग्रॅहम बेलने 1881 मध्येच घेतलं होतं. तरी कनेक्टर बसवताना हातभर पीळ उसवलेला मी पाहतो, तेव्हा जीव कळवळतो. आणि चिपलाही मर्यादा आहे. आरएस-422 मानकात दोन्ही तारांवर सारखाच चढलेला दाब ±7 व्होल्टांपर्यंतच धरलेला आहे. यंत्र आणि पॅनेल यांच्या अर्थिंगमध्ये त्याहून जास्त तफावत असेल, तर ही चिप असलेलं कार्ड बदलून उपयोग नाही. आधी अर्थिंग तपासा.

वेग वाढला की हिशेब आणखी काटेकोर होतो. लॅपटॉपच्या पडद्यांसाठी वापरात आलेल्या एलव्हीडीएस पद्धतीत साडेतीन मिलिअँपिअर प्रवाह 100 ओहमच्या रोधातून जातो. फरक जेमतेम 350 मिलिव्होल्ट. चढउतार लहान, म्हणून ती झटपट होते. सेकंदाला 65 कोटी बिट धावत असतील तर एक बिट दीड नॅनोसेकंदाचा, आणि नॅनोसेकंदात सिग्नल तारेतून सुमारे वीतभरच जातो. जोडीतली एक तार दोन बोटं लांब राहिली, तरी दोघी एका वेळी पोचत नाहीत.

या जोडीचा आणखी एक फायदा आहे. ए आणि ए-बार नेहमी एकमेकींच्या उलट असायला हव्यात. तार तुटली की हे नातं मोडतं आणि बरेच ड्राइव्ह त्यावरून एन्कोडर अलार्म देतात. तो आला की रीसेट करून शिफ्ट ढकलू नका. मल्टिमीटर घ्या आणि केबल जिथे वाकते तिथे आधी बघा.