नवी शैक्षणिक साधने आणि भावी शिक्षक

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एका छात्राध्यापिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यापक विद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या माझ्यासारखीने, वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे वर्गात काढलेल्या आपणांसमोर अध्यापनाविषयी बोलावे, हे धाडसच होय. परंतु आंतरवासितेच्या निमित्ताने जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत मला काही आठवडे काम करावयास मिळाले. तेथे मोबाइल, प्रोजेक्टर व ध्वनिवर्धक यांचा पाठात उपयोग करावयास मी जे शिकले, ते आपल्यापुढे मांडावे अशी आज्ञा झाली आहे. ती मी शिरोधार्य मानते.

साधनांचा प्रश्न आपल्या शाळांना नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातील वस्तूंनाच साधनांची प्रतिष्ठा दिली. पुढे १९७५-७६ या एका वर्षात उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग झाला, व त्यात शाळकरी मुलांसाठीही कार्यक्रम होते. १९८७ पासून खडू-फळा मोहीम आली. २०१७ साली ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. २०२० साली सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडची चर्चा जगभर झाली. शिंपल्यापासून क्यूआर कोडपर्यंत साधने बदलली; परंतु त्यांना विचारावयाचा प्रश्न मात्र एकच आहे, असे मला नम्रपणे वाटते. साधन समोर आले असता मूल बोलू लागते, की गप्प बसते?

हा प्रश्न मला सुचला तो वर्गातील शांततेमुळे. पडदा उजळला की चाळीस मुले एकदम स्तब्ध होतात. बाहेरून पाहणाऱ्यास ती एकाग्रता वाटते. पण चित्रफीत संपल्यावर ‘काय पाहिलेत?’ असे विचारावे, तर पुढच्या रांगेतील दोघे-तिघे सोडून कोणी तोंड उघडत नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष गंभीर आहे. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी वारली, कोरकू वा गोंडी बोलली जाते. पुस्तकातील मराठी स्वतःच्या तोंडाने बोलून पाहण्याची जागा त्यांना शाळेखेरीज दुसरी नाही. ती वेळही पडद्याने घेतली, तर मूल पाहते पुष्कळ, पण बोलावयास शिकत नाही.

म्हणून माझ्या पाठटाचणात मी काही नियम घालून घेतले. पहिला नियम असा, की जे गावात आहे ते पडद्यावर दाखवावयाचे नाही. बी कसे रुजते याची सुबक चित्रफीत मिळते. परंतु ओल्या फडक्यात मूग बांधून ठेवले तर दोन दिवसांत मोड प्रत्येकाच्या हातावर येतो. तेथे पडद्याचे काम नाही. उलट, समुद्र गावात आणता येत नाही. भरती-ओहोटीचा पाठ शिकविताना, ज्या मुलांनी समुद्र कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटांची चित्रफीत पुस्तकाच्या दोन पानांहून अधिक काम करते.

दुसरा नियम म्हणजे चित्रफीत अर्ध्यावर थांबविणे. ओहोटीच्या वेळी होड्या चिखलात टेकलेल्या दिसतात, तेथेच मी ती थांबविली व ‘पाणी कोठे गेले असेल?’ असे विचारले. एका मुलाने उलट मलाच विचारले, “बाई, एवढं पाणी कुणी उपसलं?” विहिरीचा उपसा रोज पाहणाऱ्या मुलाचा तो अगदी योग्य प्रश्न होता. त्यावर वर्गात वाद झाला, पंपाची गोष्ट निघाली, आणि मग चंद्राच्या ओढीपर्यंत आम्ही पोहोचलो. एका भरतीनंतर दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, हे फळ्यावर लिहिल्यावर ‘बरोबर १२ तास का नाहीत?’ हा प्रश्नही मुलांकडूनच आला. तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, हे मग चेंडू व दिवा घेऊन दाखविता आले. चित्रफीत सलग दाखविली असती, तर उत्तर मिळाले असते. प्रश्न मात्र उमटले नसते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मोबाइलमध्ये आवाज मुद्रित करण्याची सोय असते व तिला नेटवर्क लागत नाही. तिसरीच्या मुलांना एकेक करून व्हरांड्यात बसवून मी पुस्तकातील उतारा वाचावयास लावला व त्यांचाच आवाज त्यांना ऐकविला. वर्गासमोर शब्द न काढणारी एक मुलगी फोनजवळ हळूच, पण स्पष्ट वाचून गेली. स्वतःचे अडखळणे कानावर पडताच, ‘पुन्हा वाचू का?’ असे मुलेच विचारू लागली. पुढे मुलांनी आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करून आणल्या व त्यांचा अर्थ वर्गाला समजावून सांगितला. जोडवर्गात एक गट असे ऐकण्या-वाचण्याचे काम करीत असता दुसऱ्या गटाजवळ शिक्षकास बसता येते. मात्र त्या गटाचे काम आधी फळ्यावर लिहिलेले असावे. अन्यथा यंत्र हे केवळ मुले सांभाळण्याचे साधन होऊन बसते.

व्यवहारातील बाबी थोडक्यात सांगते. चित्रफीत आदल्या दिवशी उतरवून घ्यावी, ती शेवटपर्यंत स्वतः पाहावी, आणि वीज गेल्यास पाठ कसा पुढे न्यावयाचा हे टाचणात लिहून ठेवावे. मुलांचे आवाज व छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून कोठेही पाठवू नयेत. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे क्षणात टाचण लिहून देतात; परंतु ती चुकीची माहितीही तितक्याच ठामपणे देतात, आणि आपल्या वर्गातील कोणते मूल कोठे अडते हे त्यांना ठाऊक नसते. ते ठाऊक असणे हाच शिक्षकाचा अधिकार होय.

गुरुजनहो, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मी स्वतः विद्यार्थिनी होते. आमच्या घरी एक फोन व शिकणारी तीन भावंडे होती. आणि तो फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जात असे. माझा धाकटा भाऊ तेव्हा दुसरीत होता. शाळा उघडल्या तेव्हा त्याला वाचता येत नव्हते, आणि ते लपविण्यासाठी तो मागच्या बाकावर बसू लागला. त्याच्या गुरुजींनी दररोज मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून वाचावयास शिकविले. त्यासाठी त्यांच्यापाशी एक पुस्तक होते व बोट ठेवावयास त्यातील ओळ होती. तेव्हा ज्या मुलाच्या घरी फोन नाही त्या मुलाच्या वर्गात फोनवरचा गृहपाठ द्यावयाचा नाही, असा मी माझ्यापुरता निश्चय केला आहे. शाळेतील साधन शाळेतच, सर्वांच्या वाट्याला यावे.

नवी साधने शिकण्याचा कंटाळा आपण करू नये, आणि त्यांना भुलूही नये. पाठ संपल्यावर आज किती मुले बोलली, हे टाचणवहीत रोज लिहावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे. पुढील वर्षी मी आपल्यापैकी एक होईन, अशी आशा आहे. तेव्हा आपल्या अनुभवाचा लाभ मला मिळत राहावा.